वारं नव्हे, गुठळी

ती. बाबा आणि प्रिय आई,

"भाऊकाकांच्या अंगावरून वारं गेलं," असं आई फोनवर म्हणालीस, तेव्हापासून मी त्या शब्दावरच चिडलेय. वारं म्हटलं की तेल चोळत बसायचं! मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती ती. सकाळी सहाला पडवीत हातातला कप सुटला, तोंड वाकडं झालं. मग तेल, मग कुणीतरी कबुतराचं रक्त सुचवलं, मग आपले डॉक्टर. त्यांनी बीपी वाढलेलं बघून जिभेखाली गोळी दिली नि घरी पाठवलं. स्कॅन झाला दुपारी तीनला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

डॉक्टरांना मी फोन केला. भांडायलाच केला होता, पण माणूस भला आहे. "वर्षाला असे दोन-तीन पेशंट. आम्हाला शिकवायला इथे कोण येतं?" म्हणाले. तेही खरंच. बीपी एकदम उतरवलं तर मेंदूला मिळणारं उरलंसुरलं रक्तही कमी होतं, हे आमचं बोलणं झालं. साखर तपासायची, पुढच्या हॉस्पिटलला फोन करायचा आणि पेशंट लगेच पाठवायचा, असा कागद ते टेबलाजवळ चिकटवणार आहेत.

आई, तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ जड, यातलं एक जरी अचानक दिसलं तरी आधी घड्याळ बघ. माणूस शेवटचा ठीक कधी होता, हे हॉस्पिटलात पहिल्यांदा विचारतात. १०८ लाव. पाणी नको, गोळी नको, ॲस्पिरिनसुद्धा नको. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. आणि सीटी स्कॅन नसेल तिथे "जरा बघूया" म्हणून थांबू नका. मालवणहून ओरोसचं जिल्हा हॉस्पिटल काय नि गोव्यातलं बांबोळीचं काय, रस्त्यातच किती वेळ जातो ते तुम्हाला ठाऊक आहे.

बाबा, आता तुमच्याकडे वळते. गणपतीत आरतीला तुमच्या उजव्या हातातलं निरांजन निसटलं. दहा मिनिटांत हात बरा झाला, आणि "पोरीला सांगू नको" म्हणालात. आईने काल सांगितलं. आपोआप बरा झाला म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हती ती. त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा होता.

शनिवारी तुतारीने कुडाळला उतरते. स्टेशनवर येऊ नका, रिक्षा करेन. जुने रिपोर्ट आणि बीपी-शुगरच्या गोळ्यांची पाकिटं काढून ठेवा. रिकामी आणि भरलेली, दोन्ही. मी मोजणार आहे.

तुमची,
ताई