आई-बाबांना पत्र : जागा ठरवली त्याबद्दल

पुणे, १२ नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई लगेच कपाटाच्या बिजागरीबद्दल बोलू लागते आणि बाबा "बघू" म्हणून फोन तिच्याच हाती देतात, म्हणून सगळे लिहून कळवते आहे. तुम्हा दोघांच्या राहण्यासाठी वृद्धांची काळजी घेणाऱ्या नर्सिंग होममधली जागा ठरली आहे. शुक्रवारी मी अनामत भरून करारावर सही केली आणि तळमजल्यावरची, पूर्वेला खिडकी असलेली, दोन पलंगांची खोली तुमच्या दोघांसाठी घेतली. दादाला विचारले होते आणि डॉक्टरांशीही बोलले होते. आधी एक महिना राहून पाहायचे आहे. पटले नाही तर उरलेली रक्कम परत मिळेल, असे करारात लिहून घेतले आहे. साताऱ्याचे घर विकायचे नाही, भाड्यानेही द्यायचे नाही, आणि किल्ल्या आईच्याच कमरेला राहणार आहेत.

श्रावणातल्या त्या रात्रीचा विषय पुन्हा काढणार नाही, असे मी कबूल केले होते. तरी इतकेच लिहिते की, आई, दूधवाल्याने बेल वाजवेपर्यंत तू बाबांना टेकून फरशीवर बसून राहिलीस, आणि मला ते कितीतरी दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळले. ब्युरोच्या मावश्या आल्या आणि गेल्या. चांगल्या होत्या त्याही सणावाराला गावी गेल्या की परतल्या नाहीत, आणि त्यांत त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. पण बाबांना उठवणे, बसवणे, न्हाणीघरात नेणे हे काम चोवीस तासांचे आहे, आणि ते गुडघे दुखणाऱ्या एका बाईच्या अंगावर टाकून मी पुण्यात निवांत झोपू शकत नाही. तुम्ही दोघे माझ्याकडे आलात तरी दिवसभर घरात कोणी नसते आणि तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

बाबा, जागा पाहताना मी तुमचीच पद्धत वापरली. वजनमापे निरीक्षक कधी आगाऊ कळवून बाजारात जात नाही, हे तुमच्याबरोबर कराडच्या बाजारात हिंडताना मी शिकले. दुकानदाराच्या वजनाला उलटे करून त्याच्या बुडातल्या शिशावरचा शिक्का तुम्ही मला दाखवायचात, आणि नंतर न विचारता पेरू घेऊन द्यायचात. त्यामुळे दर्शनी दालनातली कारंजी आणि रंगीत माहितीपत्रके मी फारशी पाहिलीच नाहीत. एकदा रात्री साडेनऊनंतर गेले, एकदा दुपारी जेवणाच्या ऐन वेळी, आणि दोन्ही वेळा आधी फोन केला नव्हता. रात्री तळमजल्यावर किती माणसे जागी असतात हे तेव्हा दिसते. मी एका रिकाम्या खोलीतली बेल दाबून उभी राहिले, तर सिस्टर चपलांचा आवाज करत धावतच आल्या आणि खोलीत कोणी नाही हे पाहून माझ्यावर चांगल्याच रागावल्या. मला त्यांचा राग फार आवडला.

दुसऱ्या एका ठिकाणी, जिथले नाव मी तुम्हाला सांगणार नाही, इमारत याहून देखणी होती आणि बागेत मोगराही होता. तिथे मी संध्याकाळी पाच वाजता औषधांचा तक्ता मागितला, तर रात्री आठच्या गोळ्यांपुढेही सह्या होऊन गेल्या होत्या. मी काही न बोलता चहा घेतला आणि निघून आले. बाबांच्या बाबतीत तर गोळीची वेळ हाच सगळा आजार आहे. लेव्होडोपा या त्यांच्या पार्किन्सनच्या गोळीला उशीर झाला की त्यांचे पाय उंबरठ्याशी अडतात, घास गिळायला त्रास होतो आणि तोल जातो, हे आपण तिघांनी पाहिले आहे. बहुतेक ठिकाणी सकाळी, दुपारी आणि रात्री अशी सगळ्यांची गोळी एकाच फेरीत वाटतात. बाबांची वेळ मात्र सात, अकरा, तीन आणि सात अशी आहे. इथल्या मुख्य सिस्टरांनी त्या चार वेळा वेगळ्या लावून घड्याळाचा गजर ठेवायचे मान्य केले आणि ते माझ्यासमोर बाबांच्या नोंदवहीत लिहिले. गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी द्यायची, कारण दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिने औषध शोषले जाण्याच्या आड येतात, हे मी सांगण्यापूर्वीच त्यांना ठाऊक होते. त्यांनीच उलट मला विचारले, की उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा अस्वस्थ वाटल्यास हॅलोपेरिडॉल कधी दिले होते का. ही दोन औषधे पार्किन्सनच्या रुग्णाला आणखी जखडून टाकतात, म्हणून ती कोणीही द्यायची नाहीत, असे आता फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे. मला जागा पसंत पडली ती याच प्रश्नाने.

दादाने डब्लिनहून त्याच्याकडची एक लांबलचक यादी पाठवली होती. आयर्लंडमध्ये २००५ साली लीस क्रॉस नावाच्या नर्सिंग होममधले वृद्धांचे हाल टीव्हीवर दाखवले गेले आणि मोठा गदारोळ झाला. पुढे २००७ च्या कायद्याने ‘हिक्वा’ ही स्वायत्त संस्था उभी राहिली, आणि २००९ पासून तिचे निरीक्षक तिथल्या नर्सिंग होममध्ये न कळवताही जाऊन तपासणी करतात. तपासणीचा अहवाल त्या होमच्या नावानिशी जाहीर होतो. कोणीही घरबसल्या वाचावा. बाबा, तुम्हाला हे आवडेल. आपल्याकडे नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा १९४९ चा आहे, पण अमुक ठिकाणच्या रात्रपाळीला किती माणसे असतात, किती जणांना बेडसोअर म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा झाल्या, असे लिहिलेला सरकारी अहवाल मला कुठे वाचायला मिळाला नाही. म्हणून दादाची यादी मी छापून घेतली आणि तिच्यातले प्रश्न स्वतः विचारले. नोंदणीचे प्रमाणपत्र दारातच लावले आहे आणि त्याची मुदत संपलेली नाही, हे सर्वांत आधी पाहिले.

आई, तू म्हणशील की हे इतके विचारल्यावर ती माणसे तुला काय समजतील. समजू दे. ज्यांना उठता येत नाही, त्यांची कूस दर दोन तासांनी बदलल्याची नोंद मी मागितली, तेव्हा त्यांनी वही पुढे केली. त्यात एका आजींच्या टाचेला लालसरपणा दिसल्याचेही लिहिले होते. काहीच घडत नाही असे सांगणाऱ्यापेक्षा घडलेले लिहून ठेवणाऱ्यावर माझा विश्वास जास्त बसतो. पडण्याच्या प्रसंगांचीही वेगळी वही आहे. पलंगाचे कठडे रात्रभर वर करून ठेवत नाहीत, कारण उठू पाहणारा माणूस त्यावरून उतरायला जातो आणि अधिक उंचावरून पडतो. त्याऐवजी बाबांचा पलंग खाली घेता येतो. कोणालाही बांधून ठेवायचे नाही, ही ओळ मी करारात घालून घेतली. पडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही, असे एक सरसकट कलम मात्र त्यात होते. ते मी खोडायला लावले, थोडी हुज्जत झाली, आणि शेवटी व्यवस्थापकांनी समासात सही केली.

न्हाणीघरात मी पाण्याचा तांब्या ओतून अनवाणी चालून पाहिले. लादी खडबडीत आहे, पाणी उंबऱ्याशी साचत नाही, आणि कमोडजवळच्या दांडीला मी पूर्ण भार देऊन लोंबकळले तरी ती हलली नाही. तिथले मामा माझ्याकडे बघत राहिले. खोलीला उंबरठाच नाही, आणि दारापाशी जमिनीवर फिजिओने पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, कारण समोर रेघ दिसली की अडलेला पाय तिच्यावरून उचलला जातो. आई, तू "एक, दोन, एक" म्हणत बाबांना चालवतेस ना, ते अगदी बरोबर आहे, असे त्या फिजिओ म्हणाल्या. त्या तुझ्याकडून शिकायला तयार आहेत. तू मात्र बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उचलणे बंद कर.

तळमजला मी हट्टाने घेतला. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा नवजात बाळे गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाला, तेव्हापासून मी कोणत्याही इमारतीत शिरले की दुसरा जिना शोधते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारकाकडून आग विझवण्याची यंत्रणा तपासून नमुना ‘ब’ मधले प्रमाणपत्र द्यावे लागते. इथले जुलैचे प्रमाणपत्र मी पाहिले आणि विचारले, की रात्री आग लागली तर उठता न येणाऱ्या माणसाला बाहेर कसे न्याल. त्यांनी चादरीसकट ओढून नेण्याची पद्धत करून दाखवली. बाबा, तुमच्या खिडकीशेजारचे दार थेट अंगणात उघडते.

आता आईच्या काळज्यांबद्दल. रात्री ज्वारीची भाकरी मिळते, आणि पोळी नको म्हटले तर कोणी नाक मुरडत नाही. खोलीत गॅस किंवा शेगडी चालत नाही, पण मजल्यावर चहाची सामाईक जागा आहे आणि तिथे तुझे पातेले व आल्याची डबी ठेवायला जागा मागून घेतली आहे. देवांसाठी पूर्वेच्या भिंतीला फळी ठोकून देणार आहेत. निरांजन मात्र अंगणातल्या तुळशीपाशी लावावे लागेल, कारण खोल्यांमध्ये ऑक्सिजन असतो. रेडिओ घेऊन ये. हवे तेव्हा बाहेर पड, हवे तेव्हा माझ्याकडे ये, आणि सातारला जावेसे वाटले तर बाबांना दोन दिवस इथल्या सिस्टरांवर सोपवून मीच तुला घेऊन जाईन. रोज दुपारी किंवा ऑफिस सुटल्यावर आमच्यापैकी एक जण येऊन जाईल. जागा तुमच्या जावयांच्या वाटेवरच आहे.

लोक काही ना काही बोलतीलच. आपल्याकडच्या २००७ च्या कायद्याने आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह मागता येतो आणि त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांना तुरुंगवासही होऊ शकतो, हे बाबांनीच मला पूर्वी हसत सांगितले होते. तेव्हा दादा आणि मी पैशांचे वाटून घेतले आहे. त्यावर तुम्ही एक शब्दही काढायचा नाही, आणि बाबांच्या पेन्शनला हातही लावायचा नाही.

मला ताप आला की बाबा रात्री उशाशी बसून पाटीवर वजनांची कोडी घालायचे, आणि आई पेज गाळून आणायची. त्याची परतफेड करते आहे असे मी म्हणत नाही, ती होण्यासारखी नाही. पण बाबा, आजार पूर्ण बरा होणारा नाही, हे तुम्ही मला सांगितलेत, तेव्हा मी ऐकून घेतले. आता पुढचे दिवस आईच्या पाठीवर न टाकता काढायचे, हे तुम्ही माझे ऐका.

काही गोष्टी मात्र निमूटपणे करायच्या. सगळ्या गोळ्या मूळ पट्ट्यांतच ठेवायच्या, आईच्या त्या स्टीलच्या डब्यात एकत्र ओतायच्या नाहीत. कोणती गोळी कधी लागते ते जुन्या चिठ्ठ्यांसह पिवळ्या फाइलीत घाल. बाबांनी सैल सपाता आणायच्या नाहीत. मागे पट्टा असलेली चप्पल मी घेतली आहे. उठण्यापूर्वी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, कारण उभे राहताना तुमचा रक्तदाब उतरतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी इथे येण्याआधी तिकडच्या डॉक्टरांकडून घ्या, त्यांना मी सांगून ठेवले आहे. आणि तिथे कोणीही पडले, एखादी गोळी हुकली किंवा कोणी मोठ्या आवाजात बोलले, तर त्याच दिवशी मला कळवायचे. "तिला कशाला त्रास" असा विचार तुमच्यापैकी कोणीही करायचा नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला मी गाडी घेऊन दारात असेन. बाबांची सातची गोळी झाली, वर अर्धा तास गेला की न्याहारी करून निघू, म्हणजे अकराच्या गोळीपूर्वी पोहोचतो. बटाट्याची भाजी आणि दशम्या मी करून आणते. आई, तू पहाटे उठून काही करू नकोस.

तुमची
धाकटी