टिनटाइप म्हणजे तपकिरी फिल्टर नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या धाटणीच्या पोर्ट्रेटची ओढ तरुणांना वाटते याचा आनंद आहे. पण फोटोला तपकिरी छटा आणि कडेला चार ओरखडे दिले की टिनटाइप (काळ्या लोखंडी पत्र्यावर थेट घेतलेला जुन्या काळचा फोटो) झाला, हा समज खोडायला हवा. त्या चेहऱ्यांची मोहिनी रसायनातून येते. ते रसायन समजले, तर जुना फोटो नीट वाचताही येतो.

फ्रान्समध्ये आदोल्फ मार्तँ यांनी १८५३ मध्ये ही पद्धत मांडली, अमेरिकेत हॅमिल्टन स्मिथ यांनी १८५६ मध्ये तिचे पेटंट घेतले. काळे रोगण चढवलेला पातळ लोखंडी पत्रा हा तिचा पाया. तो काचेसारखा फुटत नसे, टपालाने जात असे, म्हणून अमेरिकी यादवी युद्धातले सैनिक आपले असे फोटो घरी धाडत.

कृती सांगायला सोपी, करायला कठीण. ईथर आणि अल्कोहोलमधले कलोडियन (सुकल्यावर पातळ पापुद्रा धरणारा चिकट द्राव), त्यात आयोडाइड-ब्रोमाइडचे क्षार, पातळ पाकासारखे पत्र्याच्या मध्यावर ओतायचे. पत्रा कलवत ते एकेक करून चारही कोपऱ्यांत न्यायचे आणि शेवटच्या कोपऱ्यातून उरलेले बाटलीत परत घ्यायचे. हात थबकला की तिथे जाड रेघ उमटते. थर चिकटसर झाला की लाल उजेडात सुमारे ९ टक्के सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात तीन-चार मिनिटे. बाहेर काढताना पृष्ठभागावर तेलकट ओघळ दिसले, तर पत्रा अजून तयार नाही. मग ओला असतानाच कॅमेऱ्यात.

सगळी घाई या 'ओला असतानाच'मुळे. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात थर बघता बघता सुकतो आणि कडांना डाग पडतात. म्हणून उन्हाळ्यात ईथर कमी, अल्कोहोल जास्त ठेवावे, आणि डेव्हलपरमध्ये (प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणात) अ‍ॅसेटिक आम्ल वाढवावे, नाहीतर सगळ्या फोटोवर धुकट पडदा येतो. फेरस सल्फेटचा डेव्हलपर एका सलग झोकात ओतायचा आणि पंधरा-वीस सेकंदांत पाण्याने थांबवायचा. हायपोत, म्हणजे प्रतिमा पक्की करणाऱ्या फिक्सरमध्ये, टाकल्यावर निळसर दुधी पडदा विरतो आणि चेहरा वर येतो. चांदीचे कण फिकट, मागचा पत्रा काळा, म्हणून निगेटिव्हच पॉझिटिव्ह दिसते. शेवटी सँडरॅक डिंकाचे व्हार्निश. चांदीचे द्रावण डोळ्यांना घातक आहे, संरक्षक चष्म्याशिवाय हात लावू नये. जुन्या पुस्तकांतला सायनाइडचा फिक्सर तर घरी वापरूच नये.

या थराला फक्त निळा आणि अतिनील प्रकाश कळतो. म्हणून निळे डोळे पांढुरके दिसतात, त्वचेवरचे वांग आणि सुरकुत्या ठळक होतात, तांबडे ते सगळे काळे पडते. उजेड पुरेसा मिळायला सावलीत सहज पाच-दहा सेकंद लागतात. तेवढा वेळ हसू टिकत नाही, म्हणून चेहरे गंभीर.

आपल्याकडे टिनटाइप क्वचित; इथे काचेची निगेटिव्ह आणि कागदी प्रिंट रुळले. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ ची, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तेव्हाचे नावाजलेले छायाचित्रकार. पण काचेवरचे रसायन तेच. म्हणून त्या काळच्या फोटोंत कुंकू आणि तांबडी पगडी काळी दिसते. जुन्या फोटोंत मागाहून रंग भरणारे तो काळा रंग खरा धरतात, ही चूक फार होते.

दुसरी चूक दिशेची. टिनटाइप आरशासारखा उलटा असतो. अमेरिकेतला कुप्रसिद्ध बंदूकबाज बिली द किड याच्या टिनटाइपमुळे तो डावखुरा होता असा समज कित्येक वर्षे टिकला. आपल्या कागदी प्रिंटमध्ये प्रतिमा सुलट असते. तरी छापलेल्या फोटोत जानवे उजव्या खांद्यावर दिसले आणि प्रसंग श्राद्ध-तर्पणाचा नसला, तर काच किंवा स्कॅन उलटा गेला असे समजावे.

आपल्या पुरवण्यांत जुने फोटो आवर्जून छापले जातात. ते छापताना प्रकार कोणता, प्रतिमा मुळात उलटी होती का, आणि रंग मागाहून भरले आहेत का, एवढे फोटोखालच्या ओळीत द्यावे, ही विनंती. प्रकार ओळखायला पाठीमागून चुंबक टेकवून पाहावे. टिनटाइपला तो चिकटतो. ओल्या फडक्याने मात्र पुसू नये, रोगण उडाले असेल तिथून गंज चढतो.

आपला,
एक वाचक, पुणे