आम्हाला १ ऑक्टोबरला नको, ५ नोव्हेंबरला बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ज्येष्ठ नागरिकांच्या एका नाट्यप्रयोगाची बातमी आली होती. फोटो मोठा होता, मथळा होता ‘आजी-आजोबांची धमाल’. कलाकारांची वयं दिली होती, कोणाला किती नातवंडं आहेत हेही होतं. नाटक कशावर होतं, कोणी लिहिलं, कोणी बसवलं, कसं झालं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. बातमी प्रेमानं लिहिली होती यात मला शंका नाही. तरी वाचून वाईट वाटलं, कारण गेली सात वर्षं मी अशाच एका गटात काम करते आणि आमच्याबद्दलही नेहमी असंच छापून येतं.

आमचा गट ज्येष्ठ नागरिक संघातून उभा राहिला. आम्ही चौदा जण आहोत. सगळ्यात धाकट्या ताई ६१ वर्षांच्या, सगळ्यात मोठे काका ८२ वर्षांचे. एक जण एसटीत कंडक्टर होते, एक पोस्टात, दोघी शिक्षिका, एकांनी जन्मभर शेती केली, मी बँकेत होते. तालीम रोज दुपारी चार ते सहा, संघाच्या खोलीत. आमची दिग्दर्शिका तिशीतली आहे. ती आम्हाला काका, काकू म्हणते, पण तालमीत सूट देत नाही. ‘काका, वाक्य खाल्लंत’, ‘काकू, एन्ट्री दोन पावलं लवकर झाली, परत या’ असं स्पष्ट सांगते. आमच्यातले दोघे सुरुवातीला दुखावले होते. आज तेच म्हणतात की निवृत्तीनंतर आपली चूक कोणीतरी मनावर घेऊन दाखवली, ती इथेच.

पाठांतर हा आमचा मोठा प्रश्न आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. संहिता आम्ही ठसठशीत टायपात छापून घेतो. नुसतं घोकून आता राहत नाही, म्हणून प्रत्येक वाक्य एखाद्या हालचालीला बांधतो. ‘वाटणी झाली ती झाली’ म्हणताना पाटावरून उठायचं, म्हणजे उठलं की वाक्य येतं. विंगेतून प्रॉम्प्टिंग आमच्याकडे चालत नाही, चौघांना श्रवणयंत्र आहे. कोणी अडलं तर समोरच्यानं भूमिकेतच राहून असा प्रश्न विचारायचा की अडलेलं वाक्य त्याचं उत्तर म्हणून बाहेर यावं. हे जमायला आम्हाला तीन महिने लागले. त्यातून एकमेकांचं ऐकायची सवय लागली. आमच्या दिग्दर्शिकेच्या मते ती चांगल्या चांगल्या नटांना नसते.

मागच्या वर्षीचं नाटक आमच्यातल्याच एकांनी लिहिलं होतं. दोन जावा आणि त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा वाटा. थोरल्या दिरांचं काम करणाऱ्या काकांना कंपवात आहे. वाटणीपत्रावर सही करण्याआधी त्यांच्या हातात चहा येतो. पहिल्याच तालमीत कप बशीवर खडखडायला लागला. आम्ही म्हटलं, कपबशीऐवजी स्टीलचं फुलपात्र देऊया. दिग्दर्शिका म्हणाली, थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तो प्रवेश सुरू झाला, पुन्हा खडखडाट, आणि धाकट्या जावेचं काम करणाऱ्या वहिनींनी नकळत पुढे होऊन त्या कपावर आपला हात ठेवला. आवाज थांबला. त्या दोन घरांत दहा वर्षं बोलणं नव्हतं, आणि हा पहिला स्पर्श होता. संहितेत त्या जागी पाच वाक्यं होती. ती सगळी काढून टाकली. प्रयोगात त्या क्षणी सभागृहात खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात आलं, ‘थरथरत्या हातांनीही ज्येष्ठांचा उत्साह कायम’. तो हात भूमिकेचा भाग होता, त्यावर महिनाभर काम झालं होतं. लिहिणाऱ्याला एवढं दिसायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

नाटकानं स्मरणशक्ती सुधारते, एकटेपणा कमी होतो, हे आम्हाला वारंवार सांगितलं जातं. ते खोटं नाही. अमेरिकेत हेल्गा आणि टोनी नॉइस या दांपत्यानं, ती मानसशास्त्रज्ञ आणि तो नट, वृद्धांना चार आठवडे अभिनय शिकवून पाहिला आणि त्यांच्या आठवणीत फरक पडल्याचं २००४ साली मांडलं. आनंद आहे. पण आम्ही तालमीला जातो ते औषध घ्यायला नव्हे. गवयाला कोणी ‘गाण्यानं तुमची फुप्फुसं सुधारली का हो’ असं विचारत नाही. आम्हालाही नाटकाबद्दल विचारा.

‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं १९७० साली. डॉ. श्रीराम लागू तेव्हा ४३ वर्षांचे होते, आणि त्यांनी उभे केलेले गणपतराव बेलवलकर पाहणारी माणसं आजही त्याबद्दल बोलताना गहिवरतात. अभिनयाचं सामर्थ्य ते हेच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की चाळिशीतल्या नटाला आपण म्हातारपणाची थोर भूमिका विश्वासानं दिली, आणि खरोखर सत्तरी ओलांडलेली माणसं उभी राहिली की त्यांच्याकडून कवळी, विसरभोळेपणा आणि सुनेची गाऱ्हाणी एवढीच प्रहसनं मागतो. आम्हाला प्रेम करू द्या, भांडू द्या, खून करू द्या. जपानमध्ये युकिओ निनागावा यांच्यासारख्या मोठ्या दिग्दर्शकानं २००६ साली सायतामा इथे ५५ वर्षांवरच्या माणसांची मंडळी उभी केली. त्यांच्यासाठी नामवंत नाटककारांनी नवी नाटकं लिहिली. निनागावा २०१६ साली गेले, मंडळी २०२१ पर्यंत काम करत राहिली. आपल्याकडे लिहिणाऱ्यांची काय वाण आहे?

आता नाट्यगृहांबद्दल. शेजारच्या एका शहरात प्रयोग होता. रंगपटाच्या खोल्या जिना चढून वर, स्वच्छतागृह खाली, आणि रंगमंचाच्या बाजूच्या पाच पायऱ्यांना कठडा नाही. दुसऱ्या प्रवेशानंतर अंधार झाला आणि आमचे ७४ वर्षांचे एक सहकारी तिथे पडले. मनगट मोडलं. आम्ही नेपथ्याच्या कडांना रेडियमची पट्टी लावतो, प्रत्येकाला अंधारात हात धरून नेणारा माणूस ठेवतो, पण नसलेल्या कठड्याला काय धरणार? व्यवस्थापनाला दोन पत्रं दिली, उत्तर आलं नाही. एक लोखंडी नळी बसवायला किती खर्च येतो? शिवाय आमच्या भागातली नाट्यगृहं आठवड्याच्या मधल्या दिवसांत सकाळी रिकामी असतात. ती सत्रं ज्येष्ठांच्या गटांना कमी भाड्यात मिळाली तर रात्री उशिरा घरी पोचायची धास्ती संपेल. आमचा प्रेक्षकही आमच्याच वयाचा आहे, त्यालाही सकाळ सोयीची.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आम्हाला प्रयोगाचं आमंत्रण येतं ते १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला. सत्कार, शाल, नारळ, रक्तदाब तपासणी, आणि भाषणं लांबली की ‘तुमचं ते वीस मिनिटांत आटपा’. एकदा आमचा शेवटचा प्रवेश सुरू असताना मागे जेवणाची ताटं मांडली जात होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते आमच्या सांगलीत, ५ नोव्हेंबरला, म्हणून तो मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी नटराजपूजन होतं, हौशी मंडळी जमतात. त्या दिवशी आम्हाला आजवर कोणी बोलावलेलं नाही. आम्ही तिकीट लावतो, तिसऱ्या घंटेला पडदा उघडतो, मग आम्ही त्या दिवसाचे का नाही?

आपल्या दैनिकात दर आठवड्याला नाट्यपरीक्षण येतं, मी ते न चुकता वाचते. आमच्या नव्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आहेत. तारीख ठरली की पत्र पाठवीन. फोटोग्राफर नाही आला तरी चालेल, आपले परीक्षक मात्र पाठवा. मला त्यात घाटावरच्या कोळिणीचं काम आहे, दुसऱ्या अंकातलं माझं लांब स्वगत अजून ढिलं पडतं आहे. प्रयोगातही ते ढिलं वाटलं, तर तसं छापा.

आपली,
एक नियमित वाचक,
सांगली जिल्हा