काचपेटीतील सगळे पाणी एकदम बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत पहिल्यांदाच माशांची काचपेटी येते आणि जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत त्यांतल्या बऱ्याच पेट्या रिकाम्या होऊन माळ्यावर गेलेल्या असतात. मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे आणि गेली २२ वर्षे घरी गोड्या पाण्यातील मासे पाळतो, त्यामुळे आमच्या सोसायटीत किंवा आजूबाजूला कोणाचे मासे मरू लागले की मला बोलावणे येते. जवळपास प्रत्येक घरी मला एकच तक्रार ऐकायला मिळते : "सर, आम्ही दर रविवारी अख्खा टँक धुतो, तरी मासे मरतात." तो दर रविवारी धुतला जातो म्हणूनच बहुतेक मासे मरतात, हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

अलीकडचाच एक प्रसंग सांगतो. शेजारच्या इमारतीतील एका चौथीतल्या मुलीसाठी तिच्या वडिलांनी दोन फुटी टँक आणि सहा गोल्डफिश एकाच दिवशी विकत आणले होते. दुसऱ्या रविवारी त्यांनी मासे बादलीत काढले, तळाचे खडे मोरीत नेऊन भांड्यांच्या साबणाने घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत पिळला आणि थेट नळाचे पाणी भरून मासे परत सोडले. सोमवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा पाणी इतके नितळ होते की पेटीमागच्या भिंतीवरील कॅलेंडरच्या तारखा वाचता येत होत्या. त्या नितळ पाण्यात उरलेले चार मासे पृष्ठभागाशी तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते आणि एकाच्या शेपटीत लाल रेघा उमटल्या होत्या. मुलीने वहीत सहाही माशांची नावे लिहून ठेवली होती. त्यांतल्या दोन नावांवर पेन्सिलीने काट मारलेली होती. वडिलांनी मनापासून कष्ट घेतले होते, पण टँक विकणाऱ्याने त्यांना पेटीत नेमके काय घडते याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच तळाशी कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया मिसळत असतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि थोड्या प्रमाणात असेल तर त्याचा वासही येत नाही, पण माशाच्या कल्ल्यांना तो अक्षरशः पोळतो. नदीत किंवा तळ्यात त्याचा निचरा होतो. काचपेटीत मात्र ते काम जिवाणू करतात. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्राइटही घातकच, कारण ते माशाच्या रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता काढून घेते आणि एअर पंप चालू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते आणि ते साठत गेले की थोडे पाणी बदलून बाहेर काढता येते. हे उपकारक जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते स्पंजवर, खड्यांवर आणि काचेवर थर करून राहतात. त्यांची संख्या दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस लागतो, त्यामुळे नव्या टँकमध्ये त्यांचा पुरेसा थर बसायला चार ते सहा आठवडे जातात. साबणाने घासून आणि नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात पिळून आपण हा थरच दर रविवारी गटारात सोडून देतो आणि सोमवारपासून माशांना पुन्हा अमोनियात ठेवतो. पितळेची भांडी घासून लख्ख करण्याची आपली सवय चांगलीच आहे, पण टँकच्या बाबतीत ती घात करते.

आपल्या घरातील बायकांना ही गोष्ट समजावून सांगायला मला कधीच वेळ लागत नाही, कारण ती विरजणासारखी आहे. नुसते दूध कितीही चांगले असले तरी विरजण लावल्याशिवाय आणि रात्रभर थांबल्याशिवाय दही लागत नाही. नव्या टँकचे विरजण म्हणजे कोणाच्या तरी जुन्या, निरोगी आणि चालू टँकमधील मळकट स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडे. ते ओलेच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवले तर महिन्याभराचे काम बरेच लवकर होते. ते मिळाले नाही तर टँक भरून फिल्टर चालू करावा, जिवाणूंना लागणारा अमोनिया ते कुजून मिळावा म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे आणि महिनाभर मासे आणूच नयेत. लहान मुलांना महिनाभर रिकामी पेटी पाहायला लावणे कठीण असते हे मला ठाऊक आहे. तेवढा धीर धरवत नसेल तर निदान सुरुवातीला दोन-तीनच लहान मासे सोडावेत, खाद्य अगदी कमी घालावे आणि पहिले महिनाभर एक-दोन दिवसांआड थोडे थोडे पाणी बदलत राहावे.

पाणी किती बदलायचे हा प्रश्न सर्वांना पडतो. २४ इंच लांब आणि १२ इंच रुंद व उंच अशा टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी असते. जम बसलेल्या टँकमधून आठवड्याला त्याचा पाव भाग, म्हणजे १२-१३ लिटर, जेमतेम एक बादली पाणी काढले तरी पुरते. ते वरून मगाने न काढता सायफनच्या नळीने तळातून काढावे. नळीचे रुंद तोंड खड्यांत खुपसले की खडे नळीत थोडे वर चढून पुन्हा खाली पडतात आणि त्यांच्यामध्ये अडकलेला तपकिरी गाळ धुरासारखा नळीतून बादलीत येतो. हे काम मुलांनाही आवडते. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा याच बादलीतील पाण्यात दोन-तीन वेळा हलकेच पिळावा, तो पांढरा होण्याची वाट पाहू नये. उरलेले पाणी झाडांना घालावे. माझ्या गच्चीवरील तुळस आणि मोगरा अनेक वर्षे याच पाण्यावर आहेत.

नव्या पाण्याबद्दल मात्र अधिक सावध राहायला हवे. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे आणि माणसांच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे, पण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे क्लोरीनही माशांच्या कल्ल्यांना इजा करते. पावसाळ्यात पाणी गढूळ होते, तेव्हा क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून पाणी पसरट तोंडाच्या बादलीत २४ तास उघडे ठेवावे किंवा दुकानात अँटीक्लोरीन या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे सांगितलेल्या प्रमाणात घालावेत. पाण्याला हात लावून तापमानही पाहावे, कारण मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे ऊन पाणी आणि जानेवारीच्या पहाटेचे गार पाणी या दोन्हींनी माशांना धक्का बसतो.

ज्यांनी कित्येक महिने टँककडे पाहिलेले नाही, त्यांनी तर एकदम सगळे पाणी मुळीच बदलू नये. अशा जुन्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे हे दाखवणारा आकडा) हळूहळू उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. त्यात बोअरवेलचे किंवा टँकरचे जड, अल्कधर्मी पाणी ओतले की सामू ७ वरून ८ वर जाताच अमोनियाचा विषारी हिस्सा जवळपास दहापट होतो. माझा स्वतःचा पहिला टँक मी एका लांबच्या गावाहून परतल्यावर असाच एका दुपारी "स्वच्छ" केला होता आणि रात्रीपर्यंत त्यातले सगळे मासे गेले होते. अशा टँकमध्ये रोज एखादा तांब्या-दोन तांबे पाणी बदलत आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्वपदावर यावे.

रात्री वीज वाचवण्यासाठी फिल्टर बंद करण्याची पद्धतही अनेक घरांत आहे. त्या जिवाणूंना अखंड प्राणवायू लागतो आणि पाणी थांबले की काही तासांतच ते मरू लागतात. पाच वॅटचा पंप महिनाभर अहोरात्र चालला तरी चार युनिटांहून कमी वीज लागते. बंद करायचाच असेल तर दिवा बंद करावा; माशांना पापण्या नसतात, त्यांनाही अंधाराची गरज असते.

गोल्डफिशला गोल बाऊलमध्ये ठेवण्याबद्दल मी फार लिहीत नाही, एवढेच सांगतो की नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षांहून अधिक जगतो आणि वीतभर वाढतो. "काच साफ करणारा" म्हणून विकल्या जाणाऱ्या सकर माशाबद्दल मात्र लिहिणे भाग आहे. तो टँक साफ ठेवत नाही, उलट भरपूर विष्ठा करतो आणि फूटभराहून मोठा होतो. मग कंटाळलेले लोक त्याला नदीत किंवा तलावात नेऊन सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा आज उजनीच्या जलाशयात पोहोचला आहे आणि त्याच्या काटेरी परांनी तेथील मच्छीमारांची जाळी फाटत आहेत. नको झालेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा, पण नैसर्गिक पाण्यात कधीही सोडू नये.

१९५१ साली सुरू झालेले मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय शाळेच्या सहलीत पाहून माझ्या पिढीतील अनेकांना या छंदाची गोडी लागली. आज ती गोडी पेठेतल्या आणि उपनगरांतल्या दुकानांतून लागते, म्हणून माझी विनंती त्या दुकानदारांनाच आहे. औषध दुकानात गोळ्या देताना पाकिटावर "सकाळी एक, रात्री एक" असे लिहून देतात. तसाच प्रत्येक नव्या टँकबरोबर अर्ध्या पानाचा मराठी कागद द्यावा. टँक आणि मासे एकाच दिवशी घेऊ नका, पाणी पाव भागच बदला, साबण लावू नका, स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा, फिल्टर बंद करू नका आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच घाला, एवढा मजकूर त्यावर असला तरी पुष्कळ झाले. असा कागद छापून घ्यायला जे दुकानदार तयार असतील, त्यांच्यासाठी मजकूर लिहून आणि तपासून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. त्या मुलीच्या घरी मी माझ्या टँकमधला जुना स्पंज नेऊन दिला आहे आणि तिचे चारही मासे आज जिवंत आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, पुणे