बारदानाचे वजन आणि आरोपीचा वकील

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गांजाच्या वाहतुकीत पकडल्या गेलेल्या आरोपींचे वकीलपत्र खानदेशातील एकाही वकिलाने घेऊ नये, अशी सूचना करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. पत्रलेखकाचा संताप मी समजू शकतो. पळासनेरहून धुळ्याकडे येणारा आग्रा रोड, नवापूरपासून मुक्ताईनगरपर्यंतचा सुरत-नागपूर महामार्ग आणि भुसावळसारखे जंक्शन यांमुळे हा माल आपल्या दारावरून जातो, आणि त्यातला काही आपल्याच पोरांच्या हाती पडतो. तरीही सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून सत्तावीस वर्षे साक्षी उतरवून घेतलेल्या माणसाला ही सूचना चुकीची वाटते, आणि त्याचे कारण भूतदया नव्हे.

एनडीपीएस, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात पुष्कळ काही वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद होते, त्याहून अधिक पण वीस किलोच्या आत असेल तर दहा वर्षांपर्यंत. काटा वीस किलोच्या वर गेला की मात्र कोर्टाच्या बोलीत ती केस ‘कमर्शियल’ होते आणि कमीत कमी दहा व जास्तीत जास्त वीस वर्षे सक्तमजुरी, शिवाय किमान एक लाख रुपये दंड ठरलेला असतो. कलम ३७ मुळे मग जामीनही जवळपास बंद होतो, कारण हा माणूस दोषी नसावा असे मानायला वाजवी आधार आहे, अशी न्यायाधीशांची खटला चालण्याआधीच खात्री पटावी लागते.

एका खटल्यात दोन गोण्यांचे वजन पंचनाम्यात २० किलो ४०० ग्रॅम लिहिलेले होते. काटा घेऊन गेलेला दुकानदार साक्षीला उभा राहिला, तेव्हा विधी सेवेतून नेमलेल्या तरुण वकिलाने त्याला विचारले, की शेतकरी हरभरा घेऊन येतो तेव्हा तुम्ही वजन कसे धरता. तो म्हणाला, बारदान, म्हणजे रिकाम्या गोणीचे वजन, वजा करून. मग या गोण्यांचे बारदान वजा केले होते का? दुकानदार थोडा वेळ पंचनाम्यावरच्या स्वतःच्या सहीकडे पाहत राहिला आणि अहिराणीत म्हणाला, “माले कोनी सांगं नही.” ते वाक्य मी प्रमाण मराठीत टंकलिखित केले, पण कानात अजून तसेच आहे. मुद्देमालातल्या रिकाम्या गोण्या मोजल्या, तर प्रत्येकी सहाशे ग्रॅमच्या आसपास भरल्या. म्हणजे गांजा उरला १९ किलो २०० ग्रॅम. तो आरोपी सुटला नाही, त्याला शिक्षा झालीच, पण ती खालच्या कलमाखाली झाली. ज्या वजनावरून त्याला अडीच वर्षे जामीन मिळाला नव्हता, ते वजनच चुकीचे होते, आणि वकील नसता तर हे कोणाच्याही ध्यानात आले नसते. ओल्या झाडांच्या जप्तीत घोळ याहून मोठा होतो, कारण कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे, आणि शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने व बी त्यात धरत नाहीत. मुळा-मातीसकट झाड काट्यावर ठेवले, तर आकडा कुठल्या कुठे जातो.

वाहतुकीच्या खटल्यात याहून अवघड प्रश्न असतो तो माहितीचा. रावेर-सावद्याहून केळी घेऊन दिल्लीला गेलेला चालक परतीचे भाडे हुंडेकऱ्याकडून, म्हणजे मालवाहतूक ठरवणाऱ्या दलालाकडून घेतो, माल हमाल भरतात, ताडपत्री तेच ताणतात, आणि चालकाच्या हाती येते ती फक्त बिल्टी, म्हणजे मालाची पावती. त्या मालात गांजा निघाला, तर कलम ३५ आणि ५४ प्रमाणे त्याला ते ठाऊक होते असे गृहीत धरले जाते आणि ठाऊक नव्हते हे त्यालाच दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नूर आगा खटल्यात ही तरतूद वैध ठरवली, पण मुळात ताबा आणि जप्ती आधी सरकार पक्षाने सिद्ध केली पाहिजे, हेही सांगितले. बिल्टीची दुसरी प्रत, टोलच्या पावत्या, माल कोणी भरला त्याची नोंद, ढाब्यावरच्या कॅमेऱ्यातले चित्रण हे सगळे पहिल्या आठवड्यात मिळाले तर मिळते. कोठडीतला माणूस ते गोळा करू शकत नाही. ट्रकमालकाचेही तसेच असते. आपल्याला कल्पना नव्हती आणि आपण वाजवी खबरदारी घेतली होती, हे त्याने दाखवले नाही तर गाडी सरकारजमा होते, आणि तोवर हप्ते चालू असताना ती पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत राहते. खटला संपेपर्यंत अशी गाडी मालकाला अटींवर परत देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये आसाममधल्या एका ट्रकच्या प्रकरणात स्पष्ट केले. आपल्याकडे किती मालकांना हे माहीत आहे?

‘तांत्रिक मुद्द्यावर सुटतात’ हा पत्रातला आक्षेप पूर्ण खोटा नाही. पण झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर करून घेण्याचा कलम ५०चा हक्क फक्त अंगझडतीपुरता आहे, गोणी वा पिशवीला तो लागू नाही, हे २००५ पासून ठरलेले आहे. आणि नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेण्याच्या कलम ५२-अ मधली चूक एवढ्यावरच निर्दोष सुटका होत नाही, असेही न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. मी पाहिलेले बहुतेक खटले पंचांनी बुडवले. तीच दोन नावे ठाण्याच्या प्रत्येक पंचनाम्यावर असत आणि उलटतपासात त्यांना गोण्यांचा रंगही आठवत नसे. आता झडती आणि जप्तीचे चित्रीकरण नव्या फौजदारी संहितेने बंधनकारक केले आहे, ते प्रामाणिकपणे झाले तर खऱ्या तस्कराच्या वकिलाला फारसे काही उरणार नाही.

वकीलपत्र न घेण्याचे ठराव वकील संघांनी करू नयेत, ते बेकायदा आणि निरर्थक आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच दिलेला असल्याने पत्रलेखकाची सूचना अमलात येण्याजोगीही नाही. एक तक्रार मात्र आपल्या दैनिकाकडेही आहे. ‘आरोपीने कबुली दिली’ असे आपण अटकेच्या दुसऱ्या दिवशी छापता. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, आणि या कायद्याखालच्या इतर तपास अधिकाऱ्यांपुढचीही चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या तोफान सिंग निकालाने २०२० मध्ये ठरवले. त्या ओळीच्या जागी, कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे, एवढे छापावे. पाड्यावरून आलेले बाप पहिले आठ दिवस एजंटांच्या मागे फिरून शेळ्या विकताना मी कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिले आहेत.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, अमळनेर