सड्याखालची विहीर

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी पदवीला पर्यावरणच घेणार, आणि का घेणार ते तुम्हाला माहितीये." तुझी आई शेजारीच पावटे सोलत बसली होती. तिलाही ऐकू गेलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "लेक तुमच्याविरुद्ध वकील व्हायला निघालीय." मी काही बोललो नाही. फोनवर मला सुचत नाही, म्हणून हे पत्र.

आधी खाणीचं बोलतो, नाहीतर बाकीचं तू वाचणार नाहीस. सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळपठारावरचा, आपला तुकडा चिरेखाणीला दिला त्याला चार वर्षं होतील. आजोबांच्या आधीपासून सातबाऱ्यावर त्या तुकड्यापुढे पोटखराब असंच लिहिलंय. पिकत नाही ते खराब, हा सरकारचाही हिशेब आणि माझाही. तू आठवीत असताना गणपतीच्या दिवसांत मला त्याच कातळावर उकिडवं बसवून सीतेची आसवं दाखवली होतीस. ती जांभळी टिकलीएवढी फुलं खाली पाण्यात बारीक जीव धरून खातात, हे तू सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. खरं निघालं. पण कळून उपयोग काय, तोवर करार झाला होता. तुझं पुण्यातलं हॉस्टेल, क्लास, दोन वर्षांची मेस, सगळं त्या चिऱ्यांवर चाललंय. तुला गप्प करायला हे लिहीत नाही. हिशेब आहे, तो तुझ्याकडेही असावा.

आता एक गोष्ट, जी तुला सांगितली नव्हती. हल्ली पाच हेक्टरच्या आतल्या खाणींनाही पर्यावरणाची मंजुरी लागते, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हापासून. त्यासाठी आपल्या खाणीचा एक अहवाल झाला होता. जाडजूड, स्पायरल बाइंडिंग केलेला. मी तेव्हा नुसती सही ठोकली. यंदा गणपतीआधी कपाट आवरताना तो हाताला लागला म्हणून वाचत बसलो. मातीच्या रकान्यात काय लिहिलंय माहितीये? काळी कसदार माती. आपल्या सड्यावर! घाटावरच्या कुठल्यातरी खाणीचा अहवाल उचलून गावाचं नाव तेवढं बदललेलं. खालच्या वाडीची विहीर नकाशात नाहीच. तो करणारा मुलगा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. होता. वागायला गोड. आपल्याकडे सोलकढी प्यायला, सड्यावर दहा मिनिटं उभा राहून फोटो काढले आणि रत्नागिरीची गाडी पकडायला पळाला.

मी त्या पदवीला नावं ठेवत नाही. पण तुझ्या हातून असा कागद झाला, तर मात्र मला लाज वाटेल. माझ्यावर रागावलीस त्याचं एवढं काही नाही.

आपण बोअर मारली तो उन्हाळा आठवतो? पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्यानं तळहातावर नारळ घेऊन काजूच्या बागेत तीन फेऱ्या मारल्या, एका जागी नारळ उभा राहिला, तिथे खुंटी ठोकली. २८० फूट गेलो. आधी तांबडी भुकटी आली, मग पांढरट-गुलाबी चिकट माती, मग काळ्या दगडाचं पीठ, आणि मग शेवटपर्यंत पीठच. बोअरवाल्यानं फुटावर पैसे घेतले, पाणाड्या नारळ घेऊन गेला. महिन्याभरानं भूजल खात्यातला एक माणूस ओळखीनं घरी आला. त्यानं यंत्रबिंत्र काही काढलं नाही. बोअरशेजारी पडलेल्या ढिगातली भुकटी थराथरानं ओंजळीत घेतली, चिकट माती बोटांत चोळली, थुंकी लावून तिची वळी करून पाहिली आणि म्हणाला, "तुमचं पाणी वर आहे हो. खाली कशाला शोधायला गेलात?"

मग त्यानं पडवीत बसून समजावलं. खालचा काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याचा वरचा भाग ऊन-पावसानं कुजत गेला. सिलिका, कॅल्शियम, सोडियम धुऊन गेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो आपला जांभा. म्हणून तो तांबडा आणि भोकाभोकांचा. काढताना कापता येतो इतका मऊ, आणि उघड्यावर राहिला की कडक. त्याच्या भोकांतून आणि भेगांतून पाऊस खाली उतरतो, चिकट मातीच्या थराला अडतो, आणि आडवा सरकत सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतो. खालच्या वाडीची विहीर नेमकी त्या रेघेवर आहे. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात एप्रिलमध्ये टँकर का येतो, तेही तेव्हाच कळलं. सडा पाणी पितो खूप, पण पोटात ठेवत नाही.

मग मी चिरे काढले त्याचं काय झालं? खाणवाला म्हणतो, खड्ड्यात पाणी साठतं, ते मुरतं, विहिरीला फायदाच. वाडीतले म्हणतात, खाण आल्यापासून विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. मी दोघांसमोर मान हलवतो, कारण मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, बाय. तू रागावलेली आहेस, आणि राग बहुधा बरोबरच असेल, पण त्या अहवालात काळ्या मातीच्या जागी तुझा राग लिहिला तर तोही कागद खोटाच.

म्हणून माझं म्हणणं असं की पदवीला मुख्य विषय भूशास्त्र घे. पर्यावरण मायनर म्हणून ठेव, नाहीतर एम.एस्सी.ला घे. तुझ्या मावशीच्या ओळखीनं रत्नागिरीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांना भेटून आलो. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला पटली: भूशास्त्राकडून पर्यावरणाकडे जाणारी वाट रुंद आहे, उलटी अरुंद. बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. भूशास्त्राला प्रवेश देताना बी.एस्सी.ला तो विषय होता का ते बघतात. यूपीएससी भूवैज्ञानिकांची वेगळी परीक्षा घेते, त्यातून जिऑलॉजिकल सर्व्हेमध्ये आणि केंद्राच्या भूजल मंडळात माणसं जातात. तिथेही भूशास्त्रातली नाहीतर त्याच्या जवळपासच्या विषयातली मास्टर्स मागतात. जिऑलॉजिकल सर्व्हे १८५१ पासून आहे, ते दुकान बंद पडायचं नाही. आणि ज्या अहवालावर मी चिडलोय, तसे अहवाल नीट करायलासुद्धा भूजलाचा जाणकार वेगळा आणि भूशास्त्राचा वेगळा लागतो.

कॉलेजांचं तू माझ्यापेक्षा जास्त बघितलं असशील. पुण्यात फर्ग्युसनला भूशास्त्र आहे, मुंबईत झेवियर्सला आहे. आयसर या केंद्राच्या विज्ञानसंस्थेची तू म्हणतेस ती पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी चांगलीच, पुण्याच्या आयसरमध्ये पृथ्वी आणि हवामान विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. पण त्यांच्या प्रवेशपरीक्षेत ६० प्रश्न, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र प्रत्येकी १५. तू गणिताला तोंड वाकडं करतेस ते तिथे चालायचं नाही. इतर ठिकाणीही चालायचं नाही. पाणी जमिनीतून किती वेगानं सरकतं याचा नियम डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं १८५६ साली मांडला, असं ते प्राध्यापक म्हणाले. एवढासा गुणाकार आहे, पण तो न करता विहिरीवर भांडणाऱ्या माणसांनी त्यांची अख्खी नोकरी खाल्ली म्हणे. बी.एस्सी. झाल्यावर जॅम नावाची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. नव्या शिक्षण धोरणात चार वर्षांची ऑनर्स केलीस तर पुढची एम.एस्सी. एका वर्षात होण्याची सोय आहे. हे सगळं मी वहीत लिहून आणलं, हसू नकोस.

आणि उद्या दगडाचा कंटाळा येऊन समुद्राची गोडी लागली तर गोव्यातल्या दोनापावल्याची समुद्रविज्ञान संस्था आपल्याला पुण्यापेक्षा जवळ. काकाच्या मोबाइलवर लाटांचा अंदाज येतो ना, तो हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राच्या माहिती केंद्रातून निघतो. तिथेही पृथ्वीविज्ञानाचीच माणसं बसलेली असतात. काका त्यांना वेधशाळा म्हणतो आणि शिव्या देतो, पण बोट त्यांना विचारूनच काढतो.

भूशास्त्र म्हणजे माझाच हट्ट असं तुला वाटेल. पण देवाचे गोठणे गावाला गेलो होतो ते आठव. कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते म्हणून सगळे बघायला गेलेले. बाकीच्या पोरांनी फोटो काढले आणि वडापाव खायला पळाली. तू दोन तास मोबाइलचं होकायंत्र धरून पावला-पावलावर वाकत होतीस आणि वहीत बाण काढत होतीस. आईनं तीनदा हाका मारल्या. ती वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर तू लिहिलंयस, "इथून सात पावलांवर बाण परत सरळ." हे तुला कोणी सांगितलं नव्हतं करायला.

दुसरं म्हणजे २०२१ चा जुलै. चिपळूण बुडालं, तळियेत दरड आली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. तू टीव्हीसमोरून उठून मला विचारलंस, "आपला डोंगर कधी?" मी म्हटलं, आपला कातळ आहे, त्याला काही होत नाही. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. चिकट माती खाली, पाणी वर, हे तेव्हा मला कळलेलं नव्हतं. कळल्यापासून मोठ्या पावसात रात्री उठून मागच्या दगडी गडग्यावर बॅटरी मारून येतो.

आईची काळजी वेगळी आहे. मुलीनं हातोडा घेऊन अनोळखी डोंगरात हिंडायचं, कपडे कुठे बदलायचे, सोबत कोण. मी तिला म्हटलं, ती लहानपणी करवंदांसाठी कुठे कुठे जायची ते तू बघितलंस का? त्यावर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिला तूच समजाव. आजीला मात्र यातलं काही सांगू नकोस. राजापूरची गंगा, तो मधूनच वाहणारा झरा, अवतरली की ती नारळ घेऊन जाते, आणि गंगेचं पाणी सायफननं येतं असं तू मागच्या खेपेला म्हणालीस ते अजून तिच्या मनात आहे. परवाच म्हणाली, पोरीला पुण्याला पाठवून देव घालवला.

पैशाचं. खाणीचा करार मार्चअखेर संपतो. वाढवा म्हणून खाणवाला दोनदा येऊन चहा पिऊन गेला. मी अजून सही केलेली नाही. तुझ्यासाठी थांबलोय असं समजू नकोस, दरही पटलेला नाही. करार नाही वाढवला तर आंबा-काजूवर सरकारी किंवा अनुदानित कॉलेज आणि हॉस्टेल निभेल. महागड्या खासगी विद्यापीठाचं जे पत्रक तू पाठवलंस ते निभणार नाही. त्यातल्या पदवीच्या नावात शाश्वत, जागतिक, हवामान असे सात शब्द आहेत आणि चार वर्षांत दगड बघायला फक्त दोन सहली. मला तरी ते पटलं नाही.

दिवाळीपासून मी एक उद्योग करतोय. दर रविवारी उजाडायच्या आधी, बायका पाण्याला यायच्या आत, वाडीच्या विहिरीवर जातो. दोराला दगड बांधलाय आणि हाताहातावर गाठी मारल्यात. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी, ते घरी येऊन कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहितो. खाणीच्या खड्ड्यातही एक बांबू रोवून खुणा केल्यात. खड्डा नाताळच्या आठवड्यात कोरडा पडला. तोवर विहीर दोन आठवड्यांना एक गाठ उतरत होती, नंतर आठवड्याला एक उतरायला लागली. काल दहावी गाठ भिजली नाही, अकरावी भिजली. याचा अर्थ खाणवाल्याच्या बाजूचा की वाडीच्या, मला सांगता येत नाही. दर वर्षी असंच होत असेल, मागची वर्षं कोणी मोजली नाहीत. खाण नसलेल्या पलीकडच्या सड्याखालची विहीरपण मोजायला हवी, हे मला काल रात्री सुचलं. या रविवारपासून तिथेही जाईन.

कॅलेंडरची पानं मी फाडलेली नाहीत. बारावीचे पेपर झाले की घरी ये आणि बघ. येताना पुण्यातून मोजायची टेप आण, वीस मीटरची, कापडी नको. दोर भिजला की ताणतो, गाठींचा काही भरवसा नाही.

तुझे,
बाबा