अण्णा, तुम्ही आधी विचारलंत, गाडी कुठं जाते?

अण्णा,
सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोडवरच्या तुमच्या टायरच्या दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घ्या आधी" म्हणता आणि विषयच बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण आपल्या सोलापूर भागात जुन्या फोर-व्हील जीपा अजून कितीतरी घरांत आहेत. त्यांना टायर आणि डिस्क (टायर ज्यावर चढतो ती चाकाची रिम) बदलायची वेळ आली की मालकांना कुणीतरी नीट सांगणारं लागतं. मला तुम्ही भेटलात. तुम्ही जे सांगितलंत ते इतरांपर्यंतही पोचावं असं मनापासून वाटतं.

गाडी तुम्हाला माहीतच आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. वडिलांची महिंद्राची एमएम ५४०. प्यूजोचं डिझेल इंजिन, चार गिअर, पुढंमागं पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंगचं नाव नाही. मी जनावरांची डॉक्टर. उत्तर सोलापूर आणि मोहोळ तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर माझं काम. नान्नजच्या माळावर मुरूम आहे, तिथं अडत नाही. पण सीनेच्या बाजूला काळं रान लागलं आणि परतीच्या पावसानं झोडपलं, की मोटारसायकल बांधाला लावून औषधांची पेटी खांद्यावर घ्यायची आणि चालत सुटायचं. म्हणून वडिलांची जीप पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं. इंजिन थोडक्यात सुधारलं. खरा प्रश्न टायरचा होता. मूळ मापाचे ६.००-१६ टायर होते, नक्षी बरीच शिल्लक होती, पण बाजूच्या भिंतींना उन्हानं बारीक भेगा पडल्या होत्या.

तुमच्याकडं येण्याआधी जिथं जिथं विचारलं तिथं एकच उत्तर मिळालं: एकतीस इंची लावा, गाडीला रुबाब येईल. माझ्या भाच्यानंही हीच गळ घातली होती. तुम्ही मात्र मापाचं नावच काढलं नाहीत. खुर्ची पुढं सरकवलीत आणि विचारलंत, "डॉक्टर, गाडी कुठं जाते ते सांगा आधी." डांबर किती, मुरूम किती, काळं रान किती? मागं वजन काय असतं? रात्री एकट्या जाता का? अण्णा, टायरच्या दुकानात मला हा शेवटचा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तो तुम्ही विचारलात तेव्हाच ठरवलं, काम इथंच करायचं.

आणि त्या दिवशी तुम्ही मला एकही टायर विकला नाहीत. जॅकवर पुढचं चाक उचललंत, वर-खाली धरून हलवलंत, मग डावं-उजवं हलवलंत. "किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या बेअरिंगी गेल्यात, स्टिअरिंगच्या टाय-रॉडचे एंडही ढिले आहेत. यावर नवे टायर चढवले तर स्टिअरिंग थडथडेल, टायर एका बाजूनं खाऊन जातील, आणि तुम्ही म्हणाल अण्णानं खराब माल दिला." असं म्हणून मला एका मेकॅनिककडं पाठवलंत. आलेलं गिऱ्हाईक त्या दिवसापुरतं हातचं सोडलंत. धंद्यात बसलेल्या माणसाला हे किती जड जात असेल, हे मी समजू शकते.

पुढच्या वेळी आले तेव्हा तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलात. एकतीस इंची म्हणजे सुमारे ७८७ मिलिमीटर व्यास. माझ्या मूळ टायरचा सुमारे ७३०. म्हणजे चाक जवळजवळ ८ टक्क्यांनी मोठं. तेवढाच प्रत्येक गिअर लांब होणार, साठ-बासष्ट अश्वशक्तीच्या इंजिनाला चौथ्या गिअरमध्ये चढ ओढवणार नाही. ड्रम ब्रेकना जास्त जड चाक थांबवावं लागणार. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६५ च्या घरात असणार. वर साडेदहा इंची रुंदी, ती पॉवर स्टिअरिंगशिवाय जागेवर फिरवायची म्हणजे खांदे भरून येणार. मग तुम्ही दुसरं माप लिहिलंत: २३५/७५ आर १५. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात २३५ च्या ७५ टक्क्यांची दुप्पट मिळवली की ७३३ च्या आसपास. "बघा, डिस्क एक इंचानं लहान झाली, पण चाक होतं तेवढंच राहिलं." टायरच्या भिंतीवरचे आकडे मी कितीदा पाहिले होते, पण त्यातून अशी बेरीज निघते हे त्या दिवशी कळलं.

त्या आकड्यांच्या पुढं १०५ एस असं होतं, तेही तुम्ही वगळलं नाहीत. १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलोपर्यंतचा भार, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरची मर्यादा. माझी जीप तिथवर कधीच जाणार नाही, पण भाराचा आकडा मात्र बघायचाच, असं बजावलंत. आणि लंबगोल चौकटीतले शेवटचे चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गोदामात जुना पडलेला माल नवा म्हणून कुणी गळ्यात मारू नये, म्हणून पाचही टायरवरचे हे आकडे तुम्ही मला स्वतः वाचायला लावलेत.

होय, पाचही. चार टायरच्या हिशेबानं आलेल्या माणसाला पाचवा घ्यायला लावणं म्हणजे खर्च वाढवणं, आणि मी तसं बोललेही. तेव्हा तुम्ही केलंत ते मी कधी विसरणार नाही. दुकानाच्या फरशीवर खडूनं रेघ मारलीत. जुनं एक चाक व्हॉल्व खाली ठेवून रेघेवर उभं केलंत, एक पूर्ण वेढा फिरवलंत आणि जिथं व्हॉल्व पुन्हा खाली आला तिथं दुसरी रेघ मारलीत. मग दुसरं चाक, मग स्टेपनी. टेप लावलीत. तिन्ही रेघा वेगवेगळ्या. स्टेपनी कधी वापरलीच नव्हती, तिची रेघ सगळ्यांत पुढं. तुम्ही सांगितलंत की या जीपला पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. फोर-व्हीलचा दांडा टाकला की दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरायला बांधले जातात. पुढची चाकं एका वेढ्यात जास्त आणि मागची कमी अंतर तोडत असली, तर तो फरक कुठंतरी जिरावा लागतो. चिखलात, सुट्या मुरमात चाक थोडं घसरतं आणि फरक जिरतो. डांबरावर घसरत नाही, मग ताण गिअरच्या दातांवर आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर येतो. म्हणून चारही चाकं एका मापाची, एका झिजेची हवीत, स्टेपनीसुद्धा त्यातलीच आणि पाचही आळीपाळीनं फिरवायची. डांबरावर फोर-व्हील लावायचंच नाही, हेही त्याच खडूच्या रेघांवर तुम्ही समजावलंत. एवढं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

डिस्कच्या बाबतीत मी तुमचं पूर्ण ऐकलं. जुन्या डिस्क साडेचार इंच रुंद, आणि २३५ च्या टायरला किमान सहा इंची लागते. शिवाय बीड, म्हणजे टायरची आतली कड, जागेवर धरून ठेवणारा उंचवटा जुन्या डिस्कला नसतो, त्यामुळं ट्यूबलेसला नव्या घ्याव्याच लागणार होत्या. अलॉय चकचकीत दिसतात, पण तुम्ही पोलादी सुचवल्यात. पोलाद वाकलं तर कुठल्याही गावात ठोकून सरळ होतं, अलॉय तडकतं. पाच बोल्ट, १३९.७ मिलिमीटरचं वर्तुळ आणि सात इंची रुंदी. ऑफसेट, म्हणजे डिस्क किती आत-बाहेर बसते ते, असा की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावणार नाही. चाक बाहेर काढलं की बेअरिंगवरचा भार वाढतो, आणि कायद्याचीही अडचण होते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बाबत निकाल दिला, की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तुम्ही तो विषय स्वतःहून काढलात आणि "आधी आरटीओत विचारून या, मगच डिस्क मागवू" म्हणालात. ऑर्डर हातात असताना असं म्हणणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

बसवण्याच्या दिवशीचं एक सांगायलाच हवं. तुमच्याकडचा नवा पोरगा डाव्या बाजूच्या चाकाला पाना लावून जोर काढत होता. नट हलेना, तो पान्यावर उभाच राहायला निघाला. तुम्ही आतून ओरडलात, "थांब बे!" मग फडक्यानं बोल्टाचं तोंड पुसून त्याला दाखवलंत. डाव्या बाजूला उलटे आटे होते. जुन्या जीपांना असे सापडतात, तिथं नेहमीच्या दिशेनं जोर लावला की नट सुटायच्या ऐवजी आणखी आवळतो आणि बोल्ट तुटतो. तुम्ही त्याला रागावला नाहीत. पाना त्याच्याच हातात ठेवून उलटा फिरवायला लावलात, आणि नट सुटला तेव्हा त्याच्यापेक्षा तुम्हीच जास्त खूश झालात. शिकवायचं कसं हे मी त्या दिवशी पाहिलं.

चाकं चढल्यावर तुम्ही स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलंत आणि स्वतः खाली बसून टायर आणि पाट्याच्या मधल्या फटीत बोटं घालून पाहिलीत. मग मागच्या एका चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवून पाटे दबवले आणि पुन्हा पाहिलंत. बॅलन्सिंगचं शिसं, टो-इन (पुढच्या चाकांचा आतला कल), सगळं झाल्यावर "पन्नास किलोमीटर झाले की येऊन नट आवळून घ्या" म्हणालात.

जुन्या टायरना गिऱ्हाईक होतं, एक जण दुकानात उभाच होता. तुम्ही सुरी घेतलीत आणि त्याच्यासमोर पाचही टायरच्या भिंती कापल्यात. "हे परत रस्त्यावर जायला नकोत." त्यातून चार पैसे सुटले असते. तुम्हाला ते नको होते.

आता नव्या चाकांचं. एमटी (खास चिखलाचा टायर) घेऊ नका, एटीच (सगळ्या रस्त्यांवर चालणारा) घ्या, हा तुमचा आग्रह होता. माझं बरंचसं फिरणं डांबरावर आणि मुरमावर, तिथं एमटी आवाज करतो आणि लवकर झिजतो. काळ्या रानाबद्दल तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. रेगूर ओली झाली की फुगते, नक्षीत गच्च बसते आणि चाकाचा गुळगुळीत गोळा होऊन जातो. तिथं कुठल्याच टायरची फुशारकी चालत नाही. हवा कमी करा, फोर-व्हीलच्या लो गिअरमध्ये (कमी वेग, जास्त ओढ) टाका, मध्ये थांबू नका, ब्रेक मारू नका, नक्षी भरली तर क्षणभर रेस देऊन चिखल उडवून टाका. आणि पाऊस चालू असेल, घाई नसेल, तर उघडीप होईपर्यंत सरळ थांबा. तुरीच्या खुंटांवर चाक घालू नका, भिंत फाटते.

गेल्या परतीच्या पावसात सीनेच्या बाजूच्या एका वस्तीवरून रात्री फोन आला. म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलेलं. घाई नसेल तर थांबा म्हणाला होतात, पण इथं थांबता येणार नव्हतं. डांबर संपलं तिथं उतरून चारही चाकांची हवा २८ पीएसआयवरून १८ वर आणली. टॉर्च तोंडात धरून गेज लावताना तुमचा आवाज कानात होता. फोर-व्हील, लो, दुसरा गिअर. पहिल्या शेताच्या कडेला चाकं भरली, गाडी तिरकी जायला लागली, मी रेस दिली आणि मडगार्डखाली ढेकळं आपटल्याचा आवाज आला. गाडी सरळ झाली. वस्तीवरचे लोक बांधावर बॅटऱ्या घेऊन उभे होते. मी पोचले, हात घालून रेडकाचे पाय सरळ केले, दोरी लावली आणि पहाटेच्या आत म्हैस सुटली. रेडी झाली, जिवंत. त्या घरचं दूध म्हणजे त्या एका म्हशीचं दूध, अण्णा. घरच्या आजींनी माझ्या हातावर साखर ठेवली. त्या साखरेतला अर्धा वाटा तुमचा आहे, हे मी तिथंच त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोण अण्णा?" मी म्हटलं, ज्यांच्यामुळं मी इथवर आले ते.

परत येताना डांबराला लागण्याआधी कंप्रेसर लावून हवा पुन्हा २८ केली. मागच्या उजव्या चाकात बाभळीचा काटा सापडला. ट्यूब असती तर तिथंच बसावं लागलं असतं. काटा तसाच ठेवून घरी आले आणि सकाळी भोकात पंक्चरचा प्लग मारला, तुम्ही शिकवला होतात तसा.

माझ्या ओळखीचे दोघं-तिघं जुन्या जीपा घेऊन तुमच्याकडं येणार आहेत. त्यांतल्या एकाला एकतीस इंचीच हवेत. त्यालाही खडूची रेघ दाखवा. नट तपासून घ्यायचेत आणि पाच चाकांची अदलाबदलही करायची आहे, म्हणून येत्या आठवड्यात मी येतेय. त्या आजींनी तुमच्यासाठी घरच्या शेंगांची चटणी दिलीय, उखळात कुटलेली. ती घेऊन येते. चहा तुम्ही पाजा, पण या वेळी आभार मानू द्या.

तुमची,
जीपवाली डॉक्टर